टाकीतला समुद्र : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात प्रवाळाच्या टाकीतल्या पाण्याबद्दल थोडंसं लिहिलं आणि त्यावर भरपूर पत्रं आली. मासे, दिवे, पंप यांबद्दलचे प्रश्न पुढच्या महिन्यासाठी ठेवते आणि या वेळी फक्त पाण्याबद्दल लिहिते. (पत्रांत वारंवार येणारा केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं, म्हणजेच अल्कलिनिटीचं, अंशांतलं माप. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग.) बहुतेक पत्रांतली गोष्ट सारखीच आहे. कुणीतरी पाणी मोजलं, आकडा पुस्तकातल्या आकड्याशी जुळला नाही, आणि त्याच संध्याकाळी काहीतरी टाकीत ओतलं. मी नोकरीची सगळी वर्षं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काढली. वेगळा आकडा आला की आधी आकड्यावर संशय घ्यायचा, मग पाण्यावर, आणि औषधाची बाटली सगळ्यात शेवटी उघडायची, ही तिथली शिस्त. घरच्या टाकीलाही तीच लागते.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी चार फुटी टाकी आहे. वाळू-दगड वगळून २०० लिटर पाणी भरतं. सगळे मऊ प्रवाळ आहेत : मशरूम, झोआ आणि एक लेदर. दगडांवर जांभळा थरही छान धरायला लागलाय. कॅल्शियम मोजलं तर ३८०, मॅग्नेशियम ११५०, केएच ८. कॅल्शियम ४५० आणि केएच ११ हवं असं कळलं, म्हणून दोन्ही पावडरी हिशेबाने विरघळवून एकामागून एक ओतल्या. दहा मिनिटांत पाणी दुधाळ झालं. सकाळी निवळलं, पण कॅल्शियम ४१५ आणि केएच ६ आलं. घालूनसुद्धा केएच उलट कमी झालं! पावडर बनावट होती का? हायड्रोमीटर १.०२३ दाखवतो. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पावडर चांगली होती. तुमचेच आकडे तशी साक्ष देतात. केएच ८ होतं, त्यात ३ घातले, म्हणजे ११ व्हायला हवं होतं. सकाळी ६ उरलं, म्हणजे ५ अंश गेले. कॅल्शियम ३८० अधिक ७० म्हणजे ४५०, उरलं ४१५, म्हणजे ३५ पीपीएम गेलं. कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन चुनखडी तयार होते, तेव्हा केएचच्या दर अंशामागे साधारण ७ पीपीएम कॅल्शियम खर्च होतं. पाच साते पस्तीस. हिशेब इतका चोख जुळतो की तुम्ही मोजमाप काळजीपूर्वक केलंय याबद्दल मला शंका नाही. जे गेलं ते पांढऱ्या धुरळ्याच्या रूपात वाळूत, पंपात आणि हीटरवर बसलं आहे. पंप उघडून त्याचा पंखा बघा. पांढरा खरखरीत थर दिसला तर पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून ठेवा, मग स्वच्छ धुऊन लावा.

असं का होतं हे नीट समजून घेतलं तर पुढची सगळी वर्षं सोपी जातील, म्हणून जरा सविस्तर सांगते.

समुद्राच्या वरच्या थरातल्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट जितकं विरघळून राहायला हवं त्याच्या कितीतरी पट जास्त असतं. म्हणूनच प्रवाळाला त्यातून आपला सांगाडा बांधता येतो. साखरेचा घट्ट पाक करताना तो कधीही पुन्हा साखर होऊन बसेल अशा अवस्थेत असतो आणि आपण त्यात लिंबू पिळून त्याला थोपवून धरतो. खाऱ्या पाण्यात हे लिंबाचं काम मॅग्नेशियम करतं. चुनखडीचा स्फटिक वाढायला लागला की मॅग्नेशियम त्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसतं आणि वाढ अडवतं. पण तुम्ही कॅल्शियमचं दाट द्रावण ओतलंत, आणि ते पाण्यात पसरायच्या आत त्याच जागी कार्बोनेटचं दाट द्रावण पडलं. तिथे मॅग्नेशियम अपुरं पडलं. एकदा धुरळा तयार झाला की त्याचा प्रत्येक कण पुढच्या स्फटिकाचं बी होतो, म्हणून घातलं होतं त्याहूनही जास्त केएच निघून गेलं.

आता मूळ मुद्दा. तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलाय : १.०२३. समुद्राच्या पाण्याची क्षारता, म्हणजे मिठाचं प्रमाण, ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग) असते. पाण्याची सापेक्ष घनता दाखवणाऱ्या हायड्रोमीटरवर, २५ अंश सेल्सिअसला, ती १.०२६ च्या जरा वर येते. तुमचं १.०२३ म्हणजे साधारण ३१ पीपीटी. समुद्रात मॅग्नेशियम १२९० च्या आसपास आणि कॅल्शियम ४१० च्या आसपास असतं. तेच पाणी ३१ पीपीटीपर्यंत पातळ केलं तर मॅग्नेशियम ११४० आणि कॅल्शियम ३६५ भरेल. तुम्हाला ११५० आणि ३८० मिळालं. म्हणजे तुमच्या टाकीत कॅल्शियमही कमी नव्हतं आणि मॅग्नेशियमही. मीठच कमी होतं. प्रत्येक घटकासाठी वेगळी बाटली घ्यायची गरज नव्हती आणि नाही.

तर आता करायचं ते एवढंच. आधी क्षारता दुसऱ्या साधनाने पडताळून बघा. काट्याच्या हायड्रोमीटरला हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी तो चुकीचं सांगतो. रिफ्रॅक्टोमीटर असेल तर तो नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्याला लावू नका, ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर लावा, कारण आपल्याला शून्य मोजायचंच नाहीये, पस्तीस मोजायचंय. खरंच ३१ निघालं तर आठ-दहा दिवस, रोज जेवढं पाणी उडून जातं त्याजागी गोड पाण्याऐवजी ३५ पीपीटीचं मिठाचं पाणी घाला. रोज दोन-अडीच लिटर गेलं तरी क्षारता दिवसाला अर्ध्या पीपीटीहून कमी चढेल आणि प्रवाळांना जाणवणार नाही. ३५ गाठल्यावर कॅल्शियम ४६० च्या आसपास दिसेल. ते थोडं जास्त आहे, पण त्याला हात लावू नका, आपोआप उतरेल. केएच ७ च्या आसपास येईल. खऱ्या समुद्रातही तेवढंच असतं. तरी ८ हवंच असेल तर तुमच्या २०० लिटरला ६ ग्रॅम खायचा सोडा पुरतो. अर्धा लिटर आरओ पाण्यात पूर्ण विरघळवून, पंपाच्या प्रवाहाजवळ, हळूहळू सोडा. (१०० लिटरला ३ ग्रॅमने केएच १ अंश वाढतं, हा हिशेब लिहून टाकीवर चिकटवून ठेवा. सोडाच घ्या, बेकिंग पावडर नको. तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतं, कधी फॉस्फेटही.)

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगते. मशरूम आणि झोआ दगडी सांगाडा बांधत नाहीत. लेदरच्या अंगात चुन्याचे बारीक काटे असतात, तेवढंच. तुमच्या टाकीत कॅल्शियमचा खर्च करणारा मुख्यतः तो जांभळा थर, म्हणजे अंगात चुना साठवणारं शैवाल, आहे, आणि त्याची भूक लहान आहे. दर आठवड्याला दहा टक्के पाणी चांगल्या मिठाने बदललंत तर कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि केएच तिन्ही जागेवर राहतील. ४५० आणि ११ हे आकडे दगडी प्रवाळ भराभर वाढवणाऱ्यांचे आहेत. तुमच्या टाकीत ते कुणीच मागितलेले नाहीत.

प्रश्न : केएचचे दोन वेगवेगळे किट आहेत. एकाच पाण्यावर एक ७.६ दाखवतं, दुसरं ९.२. कुणावर विश्वास ठेवायचा? — एक वाचक, दुबई

उत्तर : दोघांवरही नाही, तोवर. ज्याचा केएच तुम्हाला आधीच ठाऊक आहे असं पाणी घरी तयार करा आणि दोन्ही किटांची परीक्षा घ्या. मला या कामात मनापासून आनंद मिळतो. प्रयोगशाळेत रोजची सुरुवात अशीच व्हायची.

कोरडा, नवा पुडा फोडलेला खायचा सोडा ३ ग्रॅम घ्या आणि शून्य टीडीएसच्या (विरघळलेले क्षार नसलेल्या) पाण्यात विरघळवून बरोबर १ लिटर करा. त्यातलं १०० मिली घेऊन पुन्हा तशाच पाण्याने १ लिटर करा. या दुसऱ्या द्रावणाचा केएच १० आहे. सोनाराच्या काट्यासारखा बारीक काटा नसेल तर ३ ग्रॅम नीट मोजता येणार नाही, अशा वेळी ३० ग्रॅम घेऊन १० लिटर पाणी करा. काट्याची चूक तेवढीच राहते, पण तिचं प्रमाण दहा पटीने कमी होतं.

आता दोन्ही किटांनी हे पाणी मोजा. एखादं ११ दाखवत असेल तर ते दहा टक्के जास्त वाचतंय, हे कळलं की ते किट फेकायचीही गरज नाही. टाकीचा आकडा आला की तेवढा कमी धरायचा. त्याआधी हातांची सवयही तपासा. पिचकारीच्या टोकाशी अडकलेली हवा, टोकाला लोंबणारा थेंब, आदल्या दिवशीच्या द्रावणाचा राहिलेला अंश, पिवळ्या दिव्याखाली पाहिलेला रंग यांनी सहज अर्धा-पाऊण अंश इकडचा तिकडे होतो. पांढऱ्या कागदासमोर, दिवसाच्या उजेडात, रंग बदलायला लागल्यावर थेंब-थेंब घालून बघा. आणि दर वेळी मोजायची वेळ एकच ठेवा. दिवसभरात पीएच वरखाली होतो, प्रवाळ दिवसा जास्त केएच खातात, त्यामुळे सोमवारी सकाळी आणि गुरुवारी रात्री घेतलेल्या आकड्यांची तुलना करून काही हाती लागत नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. टाकीत ॲक्रोपोरा (फांद्यांचे दगडी प्रवाळ) आहेत. थंडी सुरू झाल्यापासून पीएच सकाळी ७.८ आणि संध्याकाळी ७.९५ च्या वर जात नाही. पुस्तकात ८.३ लिहिलंय म्हणून पीएच वाढवायचं बफर रोज घालते. घातल्यावर पीएच चढतो, दुसऱ्या सकाळी पुन्हा ७.८. आता केएच १३ झालाय आणि काही फांद्यांची टोकं पांढरी पडली आहेत. — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आज रात्रीपासून बफर बंद. बाकीचं सावकाश वाचा.

तुमच्या पत्रातला ‘थंडी सुरू झाल्यापासून’ हा शब्दप्रयोग मला फार मोलाचा वाटला, कारण उत्तर त्यातच आहे. थंडीत खिडक्या बंद, हीटिंग चालू, घरात माणसं, गॅसवर स्वयंपाक. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या आसपास असतो, पण अशा बंद घरात तो १००० च्या वर सहज जातो. टाकीतलं पाणी घरातल्याच हवेशी देवाणघेवाण करतं. केएच तोच ठेवून हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पाण्याचा पीएच साधारण ०.३ ने उतरतो. बाहेरच्या हवेत ८.२ राहणारं पाणी तुमच्या घरात ७.९ होणारच.

याच हिशेबाने बफर घालून पीएच चढवायचा म्हटलं तर ०.३ साठी केएच जवळजवळ दुप्पट करावा लागेल. तुम्ही त्याच वाटेवर निघालात आणि १३ वर पोहोचलात. बफर घातल्यावर लगेच दिसणारी वाढ तात्पुरती असते. पाणी हवेतून पुन्हा कार्बन डायऑक्साइड घेतं आणि सकाळी पीएच आपल्या जागी येतो, मात्र घातलेली अल्कलिनिटी तिथेच साठत जाते. पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट अगदी कमी आणि केएच ११-१२ च्या वर असेल तर ॲक्रोपोराची टोकं जळतात, हा अनेकांचा अनुभव आहे.

खात्री करायची असेल तर टाकीतलं पाणी दोन पेल्यांत घ्या. एक घरातच ठेवून त्यात छोट्या एअर पंपाने तासभर हवा सोडा. दुसरा बाहेर बाल्कनीत नेऊन तसंच करा. बाहेरच्या पेल्याचा पीएच चढला आणि आतल्याचा नाही, तर दोष घरातल्या हवेचा. दोन्हीचा सारखाच चढला, तर टाकीतलं पाणी पुरेसं घुसळलं जात नाहीये, पृष्ठभागाकडे प्रवाह वाढवा. दोन्हीचा जागचा हललाच नाही, तर पीएच मीटर प्रमाणित करून घ्या.

उपाय हवेवर करायचा. स्किमरची (बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची) हवा ओढणारी नळी खिडकीच्या फटीतून बाहेर न्या. थंडी असली तरी त्या नळीतून येणारी हवा थोडी असते, पाणी गार पडायची भीती नाही. भाड्याच्या घरात ते जमत नसेल तर कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारे सोडा लाइमचे दाणे भरलेला डबा नळीवर लावता येतो. ते खर्चाचं काम आहे, दाणे सतत बदलावे लागतात. खालच्या जोडटाकीत, म्हणजे संपमध्ये, शैवाल वाढवत असाल तर तिथला दिवा रात्री लावा. मुख्य टाकीचा दिवा बंद असताना ते शैवाल कार्बन डायऑक्साइड खातं आणि पहाटेची घसरण कमी होते. केएच भरायला यापुढे खायच्या सोड्याऐवजी सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) वापरलंत तर पीएचला थोडा हातभार लागेल. मात्र तोही केएचच्या गरजेपुरताच, पीएचचा आकडा बघून नव्हे.

आणि केएच १३ एका दिवसात ८ करायला मोठं पाणी बदलू नका. काही घालायचं थांबवा, प्रवाळ स्वतःच तो खाली आणतील. रोज मोजा, दिवसाला अर्धा ते एक अंश उतरला तर छान. ८ ते ९ च्या मध्ये आला की तिथे धरून ठेवा. ७.८ ते ८.० पीएचमध्ये सुंदर वाढलेले ॲक्रोपोरा मी पाहिले आहेत. रोज हेलकावे खाणाऱ्या केएचमध्ये सुंदर वाढलेला एकही पाहिलेला नाही.

प्रश्न : पुण्यात राहतो. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी टाकीला वापरतो. टीडीएस मीटर ७० दाखवतो. काचेवर सतत तपकिरी थर येतो. आरओ खराब झालाय का? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : बहुधा नाही. तो पिण्याच्या पाण्यासाठी बनवलाय आणि ते काम करतोय. घरगुती आरओत ‘टीडीएस कंट्रोलर’ नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो. पडद्यातून गाळलेल्या पाण्यात तो थोडं न गाळलेलं पाणी पुन्हा मिसळतो, चव यावी म्हणून. काहींत खनिजांचं काडतूस असतं. तुमच्या नळाचं पाणी १५० असेल तर चांगल्या पडद्यातून ते दहा-पंधराच्या आत यायला हवं. ७० येतंय ते या मिसळण्यामुळे. त्यातून सिलिकेट आणि फॉस्फेट टाकीत जातं, आणि तुमचा तपकिरी थर म्हणजे सिलिकेटवर वाढणारे डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल असावेत.

हल्ली पाण्यात तांबं उतरवणारे प्युरिफायरही घरोघरी आले आहेत. तुमचा तसला असेल तर ते पाणी टाकीत एक थेंबही नको. माणसाला चालेल इतकं तांबंसुद्धा कोळंबी, गोगलगाई आणि प्रवाळ यांना घातक ठरतं, आणि दगड-वाळूत मुरलेलं तांबं पुढे कित्येक महिने निघत नाही. माझ्या मते टाकीसाठी वेगळं युनिट घ्यावं : सेडिमेंट, कार्बन, पडदा, आणि शेवटी रंग बदलणाऱ्या रेझिनचा डीआय (उरलेले क्षार काढून टाकणारा) डबा. त्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस शून्य. एक झाला की रेझिन बदला. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा सेडिमेंट फिल्टर ठरल्या तारखेच्या आधीच भरतो, डोळ्यांनी बघून बदला. टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल तर आधी त्याचा टीडीएस मोजा. जड पाणी पडदा आणि रेझिन दोन्ही लवकर संपवतं.

प्रश्न : काकू, मी अकरावीत आहे, रत्नागिरीला राहतो. घरी दोन फुटी टाकी आहे. समुद्र इतका जवळ असताना मीठ विकत का घ्यायचं? भाट्याच्या किनाऱ्यावरून पाणी आणलं तर चालेल का? आणि मालवणला किनाऱ्यावर मिळालेला प्रवाळाचा तुकडा टाकीत ठेवू का? — एक विद्यार्थी

उत्तर : तुझा दुसरा प्रश्न आधी घेते. तो तुकडा टाकीत ठेवू नकोस, घरीही आणू नकोस. आपल्याकडे सगळे दगडी प्रवाळ, तसंच काळे प्रवाळ, समुद्रपंखे, फायर कोरल आणि ऑर्गन पाइप कोरल वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. जिवंत तोडलेला असो की मेलेला वाहून आलेला, तो उचलणं गुन्हा ठरू शकतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत आणि त्या भागाला १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केलेलं आहे. मला हे कायद्याच्या भीतीपोटी सांगायचं नाहीये. आपल्या किनाऱ्यावर नद्यांचा गाळ एवढा येतो की स्वच्छ पाणी मागणाऱ्या प्रवाळांना जागाच थोडी उरते. जे टिकलेत ते फार थोडे आहेत. यादीत नसलेले मऊ प्रवाळ घेतानाही ते कुठून आले हे दुकानदाराला विचारायची सवय लाव.

आता पाणी. भाट्याला काजळी नदी समुद्राला मिळते. तिथलं पाणी खाडीचं आहे, भरती-ओहोटीप्रमाणे त्याची क्षारता बदलते आणि पावसाळ्यात तर नदी ते पार गोडं करून टाकते. शिवाय शेतातली खतं, सांडपाणी, होड्यांचं डिझेल. दोन फुटी टाकीत पाणी थोडं असतं, त्यामुळे बाहेरून आलेल्या घाणीला सामावून घ्यायची ताकदही थोडी. मीठ विकतच घे.

पण त्या खाडीवर तू एक फार चांगला प्रयोग करू शकतोस. एका ठरावीक जागेवरून, भरतीच्या वेळी, महिन्यातून दोनदा बाटलीभर पाणी घे आणि त्याची क्षारता आणि केएच मोजून वहीत लिही. मे, जून, जुलै, ऑक्टोबर. जूनमध्ये आकडे कसे कोसळतात आणि पावसाळ्यानंतर कसे परत चढतात ते तुझ्या डोळ्यांसमोर येईल. किनाऱ्यालगतच्या पाण्यात प्रवाळाला वर्षभर काय सोसावं लागतं हे त्या वहीतून कळेल. आलेख काढलास तर मला जरूर पाठव.

प्रश्न : नागपूरच्या उन्हाळ्यात टाकीतून रोज चार लिटर पाणी उडतं. ते भरताना मीठ घालायचं का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. भरायचं ते शुद्ध गोडं पाणी, तेही रोजच्या रोज. २०० लिटरमधून ४ लिटर गेलं तर ३५ ची क्षारता एका दिवसात ३५.७ होते. तीन दिवस गावाला गेलात तर ३७ च्या वर. फ्लोट व्हॉल्व्ह किंवा सेन्सरवर चालणारा ऑटो टॉप-अप बसवा, नागपूरला ती चैन नाही, गरज आहे. डोंबिवलीच्या वाचकांसारखी क्षारता मुळात कमी नसेल, तर मीठ घालायचं ते फक्त पाणी बदलताना, किंवा स्किमरने खारं पाणी बाहेर काढलं असेल तर तेवढ्यापुरतं.

प्रश्न : माझी टाकी १५० लिटरची. जांभळा थर दाट झालाय आणि केएच आठवड्याला दोन अंश उतरतो. पाणी बदलून भरून निघत नाही. चुन्याची निवळी वापरतात असं वाचलं. पानपट्टीवरचा चुना चालेल का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : उतरण्यामागे दोन कारणं असू शकतात, म्हणून आधी नायट्रेट मोजा. माशांच्या विष्ठेतल्या अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं आणि ते केएच खातं. ५० पीपीएम नायट्रेट साठलं की सव्वादोन अंशांच्या आसपास केएच गेलेला असतो, आणि त्या वेळी कॅल्शियम मात्र जागचं हललेलं नसतं. तुमचं कॅल्शियमही सोबत उतरत असेल, दोन अंशांमागे चौदा-पंधरा पीपीएम, तर ते जांभळ्या थरानेच खाल्लंय आणि निवळी हा माझ्या मते त्यावरचा सगळ्यात सुंदर उपाय आहे. तिच्यातून कॅल्शियम आणि केएच नेमक्या ज्या प्रमाणात खर्च होतात त्याच प्रमाणात परत मिळतात. बाजूला काही साठत नाही. वरून ती पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषते आणि पीएच वर ठेवते. न्यू जर्सीच्या वाचकांनीही हे लक्षात घ्यावं.

पानपट्टीवरचा चुना मात्र नको. तो कुठल्या दगडाचा, त्यात काय मिसळलंय, किती दिवस उघडा राहिलाय, काहीच कळत नाही. खाद्य दर्जाची किंवा प्रयोगशाळेत वापरतात ती कॅल्शियम हायड्रॉक्साइडची कोरडी पावडर घ्या आणि डबा घट्ट बंद ठेवा.

एक लिटर आरओ-डीआय पाण्याला २ ग्रॅम पावडर. ढवळा, झाकण लावा, काही तास निवळू द्या. दीड ग्रॅमच्या आसपास विरघळेल, बाकी तळाशी बसेल. वरची नितळ निवळी घ्यायची, तळाचा गाळ टाकीत जाऊ द्यायचा नाही. वर पातळ पापुद्रा येतो तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने झालेल्या चुनखडीचा, तोही बाजूला ठेवा. अशी एक लिटर निवळी तुमच्या १५० लिटरला साधारण पाऊण अंश केएच आणि साडेपाच पीपीएम कॅल्शियम देते. आठवड्याला दोन अंश, म्हणजे रोज पाव अंशाहून जरा जास्त. तेव्हा रोज ४०० मिली पुरेल, आणि ती रोज उडणाऱ्या पाण्याच्या जागीच जाईल.

ओतायची मात्र कधीच नाही. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. औषधाच्या दुकानात मिळणारा सलाईनचा सेट बाटलीला लावा आणि रात्री दिवे बंद झाल्यावर, जोराच्या प्रवाहात, प्रवाळांपासून लांब, मिनिटाला सोळा-सतरा थेंब सोडा. आठ तासांत ४०० मिली जाईल. पहिले काही दिवस सकाळी पीएच बघा. ८.४ च्या वर जात असेल तर थेंब कमी करा. पावडर हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला, डोळ्यात उडाली तर ती खोल इजा करते. बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘चुना, पिऊ नये’ असं लिहा आणि ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा, कारण दिसायला ती अगदी पाण्यासारखी असते.